डावं पान ठरवलेलं, उजवं पान घडलेलं: कर्वेनगरच्या एका घरशाळेचा प्रकरण अभ्यास

कर्वेनगरमधलं हे घर. आई, बाबा, आजी आणि दोन मुलं: थोरली बारा वर्षांची, धाकटा नऊ वर्षांचा. ओळख उघड होऊ नये म्हणून नावं आणि काही तपशील गाळले आहेत. थोरलीची पहिली संपता संपता मार्च २०२० ची टाळेबंदी लागली. घरी शिकणं सुरू झालं ते शाळा पुन्हा उघडल्यावरही आईबाबांनी विचारपूर्वक चालू ठेवलं. धाकटा बालवाडीनंतर शाळेत गेलेलाच नाही. दोघांचा अभ्यास बालभारतीच्या मराठी माध्यमाच्या पुस्तकांवर चालतो, एकीचा सहावीचा आणि एकाचा चौथीचा. बाबा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहेत, सकाळी आठला निघतात ते रात्री जेवायच्या वेळी परततात. आई घरून हिशेबाचं काम करते, छोट्या दुकानदारांची जीएसटी रिटर्न्स भरते. शिकवणं, पुस्तकं आणणं, कुठवर आलं ते बघणं हे सगळं आईकडे.

पुण्यात घरशाळा करणाऱ्या पालकांना अभ्यासाची घडी बसवायला मी मदत करते. या आईचा फोन आला तो नवरात्रात, आणि तिच्या आवाजात राग कमी, दुखावलेपण जास्त होतं.

झालं असं होतं. फ्रिजवर एक छापील तक्ता लावलेला होता. वर वार, बाजूला विषय, प्रत्येक चौकोनात वेळ: ‘गणित ४५ मिनिटं’, ‘मराठी ३० मिनिटं’, ‘भूगोल ३० मिनिटं’. मुलांनी काम झालं की टिक करायची. तक्ता जूनपासून टिकांनी भरलेला. पण आईने सहज म्हणून थोरलीची गणिताची वही उघडली, तर अपूर्णांकांच्या प्रकरणात ऑगस्टनंतर जवळजवळ काहीच नव्हतं. चार उदाहरणं, मग कोरी पानं, मग कोपऱ्यात काढलेली मांजर. आई म्हणाली, “तू खोट्या टिका केल्यास.” मुलगी म्हणाली, “मी रोज गणित केलंय!” त्यावर दोघींचं भांडण झालं आणि मुलीने बोलणंच बंद केलं.

मुलीशी मी वेगळं बोलले. तक्ता समोर ठेवला आणि एका टिकेवर बोट ठेवून विचारलं, “या दिवशी गणितात काय केलंस?”

“पुस्तक उघडलं. सोडवून दाखवलेलं उदाहरण वाचलं. मला कळलं. मग टिक केली.”

“आणि खालचा सरावसंच?”

“मावशी, तो तक्त्यात लिहिलेला नव्हता ना.”

मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. तक्त्याने तिला विचारलं होतं, गणिताला बसलीस का? ती बसली होती. टिक खरी होती, प्रश्न अपुरा होता. घरशाळा करणाऱ्या कुठल्याही घरात मुलावर खोटेपणाचा शिक्का मारण्याआधी आपण मुलाला नक्की काय विचारत होतो हे तपासावं, असं मी आग्रहाने सांगते. हा शिक्का एकदा बसला की पुढे मूल आपणहून काहीच सांगत नाही.

शाळेत ही आठवण कोण ठेवतं

आईचं म्हणणं असं होतं की शाळेतली मुलं एवढं सगळं सांभाळतात, मग हिला चार विषयांचं भान का राहू नये? पण शाळेतलं मूल हे भान स्वतः ठेवतच नाही. तास संपल्याचं घंटा सांगते. तारीख फळ्यावर असते. गृहपाठ बाई दोनदा सांगतात, तो दैनंदिनीत उतरतो, आणि उतरवायचा राहिला तर शेजारच्याच्या वहीत डोकावता येतं. वह्या तपासायला गोळा होतात. चाचणी जवळ आली की वर्गभर चुळबूळ सुरू होते आणि पुस्तक न उघडलेल्यालाही ती कळते. आठवण ठेवायचं काम असं दहा जणांत वाटलेलं असतं. घरी शिकणाऱ्या मुलाभोवती यातलं काहीच नसतं, आणि मग दहा जणांचं काम एकट्या आईच्या तोंडावर येऊन पडतं: “झालं का? कुठवर आलं? मराठी राहिलं ना?”

या घरात हे किती खरं होतं याचा पुरावा वहीतच मिळाला. थोरली प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख घालते. मी गणिताची, मराठीची आणि विज्ञानाची वही शेजारी शेजारी मांडली आणि आईच्या मोबाइलमधलं कॅलेंडर उघडायला सांगितलं. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्या दुकानदारांचं जीएसटीआर-१ हे रिटर्न अकरा तारखेपर्यंत जातं, जीएसटीआर-३बी हे दुसरं रिटर्न वीस तारखेपर्यंत. तिन्ही वह्यांतली भगदाडं दर महिन्याला बरोबर तिथेच होती. नऊ ते अकरा काही नाही, सतरा ते वीस काही नाही, एकवीस तारखेला तिन्ही विषयांत एकदम पानंच्या पानं. आई लॅपटॉपमध्ये बुडाली की विचारणारं कोणी नसायचं आणि मुलांचा अभ्यास थांबायचा. टिका मात्र त्या दिवसांतही होत्या.

आई बराच वेळ त्या तारखांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे तक्ता मीच होते.”

म्हणून काम ठरलं ते असं: आठवण आईकडून काढून मुलांच्या हातात द्यायची, त्यांना पेलेल एवढीच द्यायची, आणि ती कागदावर अशी दिसली पाहिजे की आई दिवसभर समोर नसली तरी चालेल.

थोरलीची वही

दिवाळीनंतर सुरुवात केली. फ्रिजवरचा तक्ता काढला. थोरली बाबांबरोबर अप्पा बळवंत चौकात जाऊन स्वतःच्या पसंतीची दोनशेपानी वही घेऊन आली. उघडल्यावर डावं पान ‘ठरवलेलं’, उजवं पान ‘घडलेलं’. एक दिवस, दोन पानं.

डावं पान आदल्या संध्याकाळी भरायचं, आणि ते तिनेच भरायचं. आईने शेजारी बसायचं, पण पेन मुलीच्या हातात. ओळी चारच. प्रत्येक ओळ अशी हवी की ती संपली की नाही यावर दोन माणसांत वाद होऊ नये. ‘गणित’ ही ओळ चालणार नाही. ‘सरावसंच, उदाहरण १ ते ४, वहीत’ ही चालेल. ‘इतिहास वाचणे’ चालणार नाही. ‘धड्याची पहिली तीन पानं वाचून आजीला सांगणे’ चालेल. पहिले काही दिवस तिच्या ओळी पुन्हा ‘विज्ञान करणे’कडे घसरायच्या. तेव्हा आईने एवढंच विचारायचं, “संपलं हे मला कशावरून कळेल?” ती खोडून पुन्हा लिहायची.

चारच ओळी का, यावर बाबांचा आक्षेप होता. विषय सात-आठ, ओळी चार, मग बाकीचं कधी होणार? मी ठाम राहिले. दहा ओळींची यादी बाराव्या वर्षाचं मूल भरतं ती मोठ्यांना बरं वाटावं म्हणून, आणि संध्याकाळी त्यातल्या सहा उरल्या की यादीवरचा त्याचा विश्वास उडतो. चार ओळी बहुतेक दिवशी पूर्ण होतात. पूर्ण झालेल्या यादीची सवय लागणं मला जास्त मोलाचं वाटतं.

तरी बाबांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर गुरुवारने दिलं. जुन्या तक्त्यात भूगोल गुरुवारी होता. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असेल तर ते बहुधा गुरुवारी, वीजही देखभालीसाठी पुष्कळदा गुरुवारीच जाते. त्यामुळे या घराचा गुरुवार कायम विस्कटलेला. मोटार लावा, बादल्या भरा, वायफाय नाही म्हणून आईचं काम अडलेलं. भूगोल बुडायचा तो पुढच्या गुरुवारपर्यंत, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. वर्षभर भूगोल मागे का, याचं कारण मुलीच्या आवडीनिवडीत नव्हतं, ते पाण्याच्या वेळापत्रकात होतं.

म्हणून विषयांची वारांशी बांधलेली गाठ सोडली. गणित आणि मराठी रोज. इंग्रजी वाचन रोज. उरलेले विषय एका रांगेत: भूगोल, विज्ञान, हिंदी, इतिहास-नागरिकशास्त्र. वहीच्या पहिल्या पानावर ही रांग लिहिलेली. चौथी ओळ रोज रांगेतल्या पुढच्या विषयाची. आज भूगोल झाला नाही तर उद्या भूगोलच, मग वार कुठलाही असो. पाहुणे आले, सर्दी झाली, नातेवाइकांकडे मुंज निघाली, तरी रांग जिथे थांबली तिथून पुढे सरकते. कुठलाच विषय कायमचा मागे पडत नाही. घरशाळेला वारांच्या वेळापत्रकापेक्षा रांग बरी, असं मी आता जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला सांगते.

उजवं पान दिवस संपताना भरायचं. तिथे बंधन नाही. ठरवलेल्यातलं काय झालं, काय अडलं आणि न ठरवता काय घडलं. तिच्या परवानगीने जानेवारीतल्या एका गुरुवारचं पान इथे देते. डावीकडे:

गणित: सरावसंच, उदा. १ ते ४, वहीत.
मराठी: धड्याच्या स्वाध्यायातले पहिले दोन प्रश्न.
इंग्रजी: गोष्टीची १० पानं.
रांगेतलं: भूगोल. नकाशात भीमा, इंद्रायणी, मुळा, मुठा, नीरा.

उजवीकडे:

“१, २, ३ झाली. ४ अडलं →. मराठी दोन्ही. गोष्टीची २६ पानं, थांबता आलं नाही. नकाशा झाला पण नीरा भीमेच्या डाव्या बाजूला काढली होती. ती उजवीकडून मिळते. खोडून परत. पाणी नव्हतं. बादलीत किती तांबे मावतात ते धाकट्याने मोजलं, मी त्यावरून पिंपाचा अंदाज काढला. अंदाज चुकला कारण पिंप खाली निमुळतं आहे.”

शेवटची दोन वाक्यं कुठल्याही तक्त्यात बसली नसती, आणि त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं गणित तेच होतं. घरी शिकणाऱ्या मुलाचा निम्मा अभ्यास असा वाटेत होतो. राजा केळकर संग्रहालयातून आल्यावर तिने उजव्या पानावर अडकित्त्यांची चित्रं काढली आणि कुठला कशासारखा दिसतो ते लिहिलं. आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात हाताने केलेला प्रयोग घरी पुन्हा करून बघितला तो पण तिथेच. आधी आईला अशा दिवशी ‘आज अभ्यास बुडाला’ असं वाटायचं. उजवं पान भरायला लागल्यापासून ती रुखरुख गेली.

तीन बाण

त्या पानावरचा बाण हा या सगळ्या व्यवस्थेतला माझ्या मते सर्वांत उपयोगी भाग आहे. काम राहिलं तर त्याच्यापुढे बाण काढायचा आणि दुसऱ्या दिवशी ते डाव्या पानावर पुन्हा लिहायचं. रागवायचं नाही, कारण विचारायचं नाही. पण एकाच कामापुढे तिसरा बाण आला की ते काम यादीत पुन्हा लिहायला मनाई. त्या संध्याकाळी आईने आणि मुलीने त्या कामासमोर एकत्र बसायचं. तीनदा राहिलेलं काम मुलीच्या आळसाने राहिलेलं नसतं. ते मोठं असतं, किंवा कळलेलं नसतं, किंवा गरजेचंच नसतं. यातलं काय, ते शोधायचं.

अपूर्णांकांच्या भागाकाराला तीन बाण आले. ऑगस्टमध्ये वही बंद पडली होती ती नेमकी इथेच. मुलीला रीत पाठ होती: दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. पण उलटा का करायचा ते कळलं नव्हतं, आणि न कळलेलं लिहायला तिचा हात पुढे होत नव्हता. आईलाही ते सांगता येईना. आजी आतून ऐकत होती. तिने लहानपणी शाळेत पावकी-निमकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, म्हटलेले. ती म्हणाली, “रव्याचा डबा आण आणि पाव वाटीचं माप आण.” पाऊण वाटी रवा ताटलीत ओतला. त्यातून पाव वाटी किती वेळा निघते? तीन वेळा. पाऊण भागिले पाव, उत्तर तीन. मग पूर्ण वाटीतून पाव वाटी किती वेळा? चार वेळा. म्हणजे पावने भागणं आणि चारने गुणणं एकच. पाऊण वाटीत चारचा पाऊण हिस्सा, म्हणजे तीन. मुलीने रवा परत डब्यात ओतला, पुन्हा मोजला, मग वही उघडली. तो सरावसंच तिने त्याच रात्री पुरा केला आणि उजव्या पानावर लिहिलं, “उलटा करतात कारण एका वाटीत तेवढी मापं बसतात.”

थोरलीकडे पुस्तकाच्या बाबतीतही एक सोय होती. २०२३-२४ पासून काही काळ दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत धड्यांनंतर ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पानं जोडली जात होती. २०२५ मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला. त्या काळातलं पुस्तक तिच्या हातात होतं आणि ती पानं कोरीच पडून होती. तीन बाणांनंतर जे उमगलं ते त्या त्या प्रकरणामागच्या कोऱ्या पानावर एक-दोन ओळींत लिहायचं असं तिने ठरवलं. उजळणीला तीच पानं कामी येतात. ज्यांच्या पुस्तकात ती नाहीत त्यांनी फुलस्केपचा अर्धा ताव चिकटवला तरी चालतं.

धाकट्याचे कप्पे

धाकट्याला वही दिली नाही. नऊ वर्षांच्या या मुलाला लिहायचा कंटाळा आहे. अभ्यासाची नोंद ठेवायला आणखी लिहायला लावलं असतं तर तो नोंदीसकट अभ्यासावर रुसला असता. आजीने जुन्या चादरीचा एक कापडी पडदा शिवला, त्याला कप्पे केले आणि तो त्याच्या उंचीवर भिंतीला टांगला. कार्डशीटचे तुकडे कापून त्यावर कामं लिहिली: ‘बाराचा पाढा आजीला म्हणून दाखव’, ‘परिसर अभ्यास, एक पान मोठ्याने वाच’, ‘शुद्धलेखन पाच ओळी’, ‘चार गुणाकार’. सकाळी उठल्यावर गठ्ठ्यातून त्याने तीन कार्डं निवडायची आणि ‘करायचं’च्या कप्प्यात ठेवायची. झालं की ‘झालं’मध्ये.

दुसऱ्याच आठवड्यात नाश्त्याच्या आधी तिन्ही कार्डं ‘झालं’मध्ये जाऊन बसलेली दिसली. त्याला कार्डं हलवण्यातच मजा येत होती. यावर उपाय बाबांनी सुचवला. त्यांच्या ऑफिसात काम असंच पाट्यांवरून सरकतं, जपानच्या टोयोटा कारखान्यातून आलेली कानबानची पद्धत, आणि तिथे ‘केलं’ आणि ‘संपलं’ यांच्यामध्ये ‘तपासायचं’ असा एक टप्पा असतो. आजीने मध्ये आणखी एक कप्पा शिवला: ‘दाखवायचं’. कार्ड त्या कप्प्यापर्यंत तो नेणार. पुढे नेणार ते ज्याने काम पाहिलं त्याने, म्हणजे आजीने, ताईने किंवा आईने. पाढ्यांचं आणि वाचनाचं कार्ड नेहमी आजीकडे जातं. आजी डोळे मिटून ऐकते आणि चुकलं की बोट वर करते. त्याला ते फार आवडतं.

आईचं सगळ्यात अवघड काम

मुलांनी नवी पद्धत पटकन उचलली. आईला वेळ लागला. तिने दिवसातून दोनदाच बघायचं असं ठरलं होतं: दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी सातला. मधल्या वेळात “झालं का?” विचारायचं नाही. अगदी राहवलं नाही तर एकच वाक्य, “वही बघितलीस का?” आणि संध्याकाळी ‘झालं का’ याऐवजी ‘दाखव’. दाखवताना मूल बोलतं. ‘झालं का’ला उत्तर हो किंवा नाही, तेवढ्यावर संपतं.

पहिल्या आठवड्यात काम खरोखरच कमी झालं. आई अस्वस्थ होती, मला म्हणाली, “मी सांगितलं नाही तर ही मुलं करणारच नाहीत.” इथे पालकांनी धीर धरायला हवा. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या आवाजावर चालणाऱ्या मुलाला तो आवाज थांबल्यावर काही दिवस नुसती शांतता ऐकू येते. वहीकडे स्वतःहून जायला त्याला वेळ द्यावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात थोरली न सांगता वही घेऊन बसायला लागली. धाकटा अजूनही सकाळच्या पहिल्या कार्डाला आजीने हाक मारल्याशिवाय हात लावत नाही, पण पुढची दोन स्वतः करतो.

डिसेंबरमध्ये बाबांनी मोठ्या हौसेने एक्सेलची शीट केली, प्रत्येक पूर्ण ओळीला एक तारा, पन्नास ताऱ्यांना मुलांच्या आवडीचं बक्षीस. थोरलीच्या ओळी लगेच बारीक झाल्या: ‘उदाहरण १’, ‘उदाहरण २’ अशा वेगवेगळ्या. बाण दिसेनासे झाले, कारण अडणारं काम ती लिहीतच नव्हती. बाबांना हे दाखवल्यावर त्यांनी शीट स्वतःहून बंद केली. नोंदीला बक्षीस लावलं की मूल सोपं तेवढंच लिहितं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. अलार्म, अॅप, सगळ्यांच्या फोनवर दिसणारी यादी यांबद्दलही बाबांनी विचारलं. या वयाच्या मुलांसाठी मी ते सुचवत नाही. यादी फोनमध्ये गेली की तिच्याकडे जाताना वाटेत बाकी सगळं लागतं, आणि फोन शेवटी आईबाबांच्याच हातात असतो. मुलाला आपली यादी स्वतःच्या मालकीची वाटायला हवी. वही तशी वाटते.

हे कुणाला दाखवायचं

आजीने एकदा विचारलं, एवढं लिहून ठेवायचं, पण मागणार कोण? रास्त प्रश्न आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. या घराकडे कोणी रोजची हजेरी मागत नाही. पण मूल पुढे शाळेत जायचं म्हणालं तर याच कायद्याप्रमाणे त्याला वयानुसार वर्गात घेतलं जातं, आणि तेव्हा नव्या वर्गशिक्षकांना हे मूल नक्की कुठे आहे ते सांगायला वह्यांइतकं खरं दुसरं काही नसतं. शाळेत जायचंच नसेल तर चौदा पूर्ण झाल्यावर एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावीला बसता येतं, किमान पाच विषय घेऊन. किंवा अटींत बसत असेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या. एनआयओएसमध्ये लेखी विषयांचे २० टक्के गुण आधी लिहून द्यायच्या स्वाध्यायांना असतात, ज्यांना टीएमए म्हणतात. ते ठरलेल्या तारखेला, स्वतःच्या हाताने लिहून, कुणी मागे न लागता द्यावे लागतात. चौदाव्या वर्षी ते जमायचं तर बाराव्या वर्षीच चार ओळी सांभाळायला शिकलेलं बरं, हे थोरलीच्या आईला चटकन पटलं.

म्हणून शनिवारी सगळे मिळून आठवड्याची पानं चाळतात. कुठे बाण जास्त, रांग कुठे पोचली, एवढंच बघायचं. महिन्याच्या शेवटी प्रत्येक विषयाचं एक पान मूल स्वतः निवडतं, त्याला पंच करून फाइलला लावतं. थोरली नेहमी नीटनेटकं पान निवडायची. हल्ली ती खाडाखोड केलेलं पानही लावते, कारण त्यात काय उमगलं ते दिसतं असं तिचं म्हणणं आहे.

आता कुठे आहे

खरी परीक्षा जानेवारीच्या अकरा आणि वीस तारखांची होती. आई पूर्ण वेळ कामात. वह्या मी फेब्रुवारीत पाहिल्या. वीस तारखेच्या आसपास बाण नेहमीपेक्षा जास्त होते, एका दिवशी चारपैकी दोनच ओळी झाल्या होत्या, पण एकही पान कोरं नव्हतं. मार्चमध्ये आईला नातेवाइकांच्या आजारपणासाठी दोन दिवस साताऱ्याला जावं लागलं. थोरलीने स्वतःचं डावं पान भरलं आणि धाकट्याची कार्डंही काढून ठेवली. त्यातलं एक कार्ड तिने स्वतः नवीन लिहिलं होतं: ‘आईला फोनवर पाढा म्हण’.

सगळं सुरळीत झालेलं नाही. हिंदी रांगेत असूनही मागे आहे, कारण घरात कुणी हिंदी बोलत नाही आणि मुलगी ती ओळ सर्वांत छोटी लिहिते. इंग्रजी ती भरपूर वाचते पण लिहीत नाही. त्यासाठी जूनपासून उजव्या पानाचं शेवटचं वाक्य इंग्रजीत लिहायचं असं तिने सुचवलं आहे. आईने रोज संध्याकाळी वही बघू नये, फक्त शनिवारी बघावी, अशीही तिची मागणी आहे. गणित सोडून बाकी विषयांपुरतं आईने ते मान्य केलं, आणि गणिताचं दिवाळीला पुन्हा बोलू असं दोघींनी ठरवलं आहे. धाकट्याचे कप्पे तसेच राहतील. ताईसारखी वही हवी असं तो परवा एकदा म्हणाला, पण वहीत लिहावं लागेल हे कळल्यावर म्हणाला, पुढच्या वर्षी.